तृतीयपंथी भूमिका कुणाच्या? बालगंधर्वांपासून 'ताली'पर्यंत

एखाद्या नावाजलेल्या नटाने तृतीयपंथी व्यक्तिरेखा केली की मुंबईत वाद ठरलेला. आणि त्या वादात पाच मिनिटांच्या आत कुणीतरी बालगंधर्वांचं नाव काढतंच. 'अहो, पुरुषाने शालू नेसून भामिनी केली तेव्हा अख्खा महाराष्ट्र वेडा झाला होता. नट तो नट, त्याने काहीही करावं!' ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण ज्या इतिहासाचा दाखला दिला जातो तो जरा उलगडून पाहिला, तर तो दाखला देणाऱ्याच्याच अंगावर येतो.

विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने 1853 साली ग्रँट रोडच्या नाट्यगृहात मुंबईकरांना मराठी नाटक दाखवलं, तेव्हा त्यातल्या बायका म्हणजे लुगडी नेसलेली पोरंच होती. पुढे किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर सुभद्रा झाले आणि 1911 च्या 'मानापमान'मध्ये नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, भामिनी झाले. त्यांचं नेसणं, त्यांचा अंबाडा, त्यांची नथ पाहून चांगल्या घरच्या बायका तसं नेसू-सजू लागल्या, ही गोष्ट आपल्याकडे अजून कौतुकाने सांगतात. सिनेमानेही तोच कित्ता गिरवला. दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या नजरेत भरले. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि भारतीय सिनेमाची पहिली नायिका पुरुष ठरली. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. नवरा-बायको एकाच पगारात, असं कुणी तेव्हा म्हटलं असेल तर नवल नाही.

आता यातला विसरला जाणारा भाग. 'राजा हरिश्चंद्र'नंतर काही महिन्यांतच फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासूर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. रंगभूमीवर 1933 मध्ये 'आंधळ्यांची शाळा' आलं. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि तेव्हापासून स्त्रीपार्टी नटांचे दिवस भरत आले. खुद्द बालगंधर्व 1935 मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले, म्हणजे पुरुषच. थोडक्यात, स्त्रीपार्ट ही मोठी कला होती यात वाद नाही, पण ती फोफावली कारण घरंदाज बाईने रंगमंचावर पाऊल ठेवणं म्हणजे घराण्याचं नाक कापणं होतं. बाई आत आली आणि पुरुषाने ती जागा सोडली. 'अभिनयाला लिंग नसतं' म्हणून त्याने ती धरून ठेवली नाही, आणि आज कुणी तसा हट्ट धरला तर आपण हसू.

मग त्याच काळात तृतीयपंथी कुठे होते? 1871 च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टमध्ये एक स्वतंत्र भाग त्यांच्यावर होता. पोलिसांकडे नोंद झालेल्या हिजड्याने स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणं, नाचणं, वाजवणं, पैसे घेऊन कुणाच्या घरी कार्यक्रम करणं, या सगळ्याला विनावॉरंट अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद होती. हा भाग प्रामुख्याने उत्तर हिंदुस्थानात राबवला गेला, त्याचा थेट संबंध गिरगावातल्या थिएटरांशी जोडता येणार नाही. तरी एका राजवटीखाली लुगडं नेसून गाणाऱ्या एका माणसाला सोन्याची पदकं मिळत होती आणि दुसऱ्याला त्याच गोष्टीसाठी तुरुंग, हे ध्यानात ठेवायला हवं. ज्यांना नाचण्यागाण्यावरच पोट भरायचं होतं त्यांचं नाचणंगाणंच गुन्हा ठरवलं गेलं.

स्वातंत्र्यानंतरच्या हिंदी सिनेमात तृतीयपंथी दिसतात ते बारशाच्या नाहीतर लग्नाच्या गाण्यात, घोळक्याने, ढोलकीच्या ठेक्यावर. त्यांना नाव नाही, घर नाही, पुढच्या प्रसंगात काम नाही. अनेकदा या घोळक्यात खरोखरच त्या समाजातली माणसं असत. म्हणजे गर्दी खरी आणि संवाद असलेलं पात्र मात्र नटाचं, ही वाटणी इथूनच पडली.

ती ठसठशीतपणे दिसली महेश भट्ट यांच्या 1991 च्या 'सडक'मध्ये. मुंबईतला कुंटणखाना चालवणारी महाराणी सदाशिव अमरापूरकरांनी केली. नगरचा, मराठी रंगभूमीवर मुरलेला नट. कपाळावर मोठं कुंकू, अंगावर साडी, आणि बोलता बोलता गोडवा गळून जाऊन डोळ्यांत उतरणारं विष. फिल्मफेअरने खलनायकी भूमिकेसाठी नवा पुरस्कार सुरू केला आणि त्याचा पहिला मान या महाराणीला मिळाला. काम म्हणून ते आजही अंगावर काटा आणतं. पण पुढची कित्येक वर्षं लोकलच्या डब्यात टाळी वाजली की माणसं अंग का चोरतात, याच्या कारणांत महाराणीचाही वाटा आहेच. हे अमरापूरकरांचं पाप नव्हे. एका समाजाचं एकच चित्र घरोघरी पोहोचलं आणि त्याला उत्तर देईल असं दुसरं चित्र नव्हतं, गोम तिथे आहे.

दुसरं चित्र यायला फार वेळ लागला नाही, हेही खरं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लागोपाठ तीन सिनेमे आले. अमोल पालेकरांच्या 'दायरा'त निर्मल पांडे, महेश भट्ट यांच्याच 'तमन्ना'त परेश रावल, कल्पना लाजमींच्या 'दरमियाँ'मध्ये आरिफ झकारिया. तिन्ही पात्रांना मन होतं, माया होती. 'दायरा'साठी निर्मल पांडे यांना फ्रान्समधल्या एका महोत्सवात चक्क सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्या वेळी या बातमीचं कौतुकच झालं. ही भूमिका करायला त्या समाजातलं कुणी का नाही, हा प्रश्न चर्चेत नव्हता, कारण असा कुणी नट असू शकतो ही कल्पनाच उंबऱ्याच्या आत आलेली नव्हती.

मराठीत हा धागा वेगळ्या वाटेने गेला. राजीव पाटील यांच्या 'जोगवा'त (2009) उपेंद्र लिमये यांनी जोगता तायप्पा केला आणि राष्ट्रीय पुरस्कार पटकावला. तायप्पा तृतीयपंथी नाही, देवीच्या नावाखाली त्याला जबरदस्तीने लुगडं नेसवलेलं आहे. रवी जाधव यांच्या 'नटरंग'मधला गुणाही तृतीयपंथी नाही. तमाशाचा फड उभा राहावा म्हणून पैलवानगडी नाच्या होतो, आणि अतुल कुलकर्णींनी त्यासाठी शरीराचं जे केलं त्याची चर्चा सिनेमाइतकीच झाली. वादात या दोन सिनेमांची नावं सर्रास तृतीयपंथी भूमिकांच्या यादीत घुसडली जातात. बायकी हावभाव करावे लागलेला पुरुष आणि स्वतःला स्त्री मानणारी ट्रान्स स्त्री यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हा घोटाळा मिटेपर्यंत चर्चेचं घोडं पुढे सरकणार नाही.

रवी जाधवांचं नाव इथे पुन्हा घ्यावं लागतं. 'नटरंग'नंतर त्यांनी 2011 मध्ये सुबोध भावेंना घेऊन 'बालगंधर्व' केला आणि 15 ऑगस्ट 2023 ला त्यांची 'ताली' ही मालिका जिओ सिनेमावर आली. नाच्या, स्त्रीपार्टी नट आणि ट्रान्स स्त्री: एकाच मराठी दिग्दर्शकाने हे तिन्ही विषय हाताळले. 'ताली' ही श्रीगौरी सावंत यांची कथा, लेखन क्षितिज पटवर्धन यांचं. लहानपणीचा गणेश कृतिका देव या अभिनेत्रीने केला आणि मोठेपणीची गौरी सुष्मिता सेन यांनी.

गौरी सावंत यांचं काम मालाड-मालवणीतलं. 2000 साली त्यांनी 'सखी चारचौघी' ही संस्था उभी केली. तृतीयपंथी ओळखीला कायद्याने मान्यता देणारा नालसा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 ला दिला, त्या खटल्यात त्या होत्या. 'ताली'साठी सुष्मिता सेन यांची निवड जाहीर झाली तेव्हा समाजमाध्यमांवर टीका झाली, गौरी यांनी मात्र त्या निवडीचं उघड स्वागत केलं. ज्यांची गोष्ट आहे त्यांनीच मान डोलावली म्हणजे बाकीच्यांनी गप्प बसावं का? मला तसं वाटत नाही. त्यांचा होकार त्यांच्या गोष्टीपुरता आहे, एका अख्ख्या समाजाच्या रोजगाराचा प्रश्न त्याने मिटत नाही. आणि एक गंमत पाहा. 2017 मध्ये नीरज घायवान यांनी केलेल्या विक्सच्या जाहिरातीत गौरी सावंत स्वतःच कॅमेऱ्यासमोर होत्या, आई म्हणून. ती जाहिरात देशभर गाजली. साडेतीन मिनिटांसाठी खरी व्यक्ती चालते, सहा भागांसाठी स्टार लागतो. यामागे कलेपेक्षा पैशाचं गणित जास्त आहे, आणि निर्माते ते लपवतही नाहीत.

परदेशातही वाटचाल याच पायऱ्यांनी झाली, फक्त तिथे मागे वळणं लवकर झालं. हिलरी स्वँक आणि जॅरेड लेटो यांना अशा भूमिकांसाठी ऑस्कर मिळाली, ती 1999 आणि 2013 च्या सिनेमांसाठी. 2018 मध्ये स्कार्लेट जोहान्सनला टीकेमुळे एका ट्रान्स पुरुषाची भूमिका सोडावी लागली. 'द डॅनिश गर्ल'मधली भूमिका करणं चूक होती, असं एडी रेडमेनने 2021 मध्ये सांगून टाकलं. दरम्यान चिलीच्या 'अ फँटॅस्टिक वुमन'मध्ये ट्रान्स अभिनेत्री डॅनिएला व्हेगा नायिका होती आणि त्या सिनेमाने ऑस्कर नेलं. आपल्याकडे पुरस्कारांचा ओघ अजून जुन्याच दिशेने वाहतो. कन्नडमध्ये संचारी विजय, बंगालीत रिद्धी सेन, तमिळमध्ये 'सुपर डिलक्स'साठी विजय सेतुपती, या तिघांनाही ट्रान्स भूमिकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि तिघेही ट्रान्स नाहीत. यातली कामं उत्तम आहेत. म्हणून तर अशी भूमिका म्हणजे पुरस्काराची हमी, हा समज नटांमध्ये पक्का झाला.

'मग ट्रान्स कलाकार आहेत कुठे?' हा नेहमीचा प्रतिप्रश्न. त्याचं उत्तर शोधायला मुंबईच्या सिनेधंद्याची रचना पाहावी लागते. हा धंदा संघटनांवर चालतो आणि संघटना बाई-पुरुष अशा कप्प्यांत विभागलेल्या. गर्दीतल्या पुरुषांची ज्युनिअर आर्टिस्ट असोसिएशन, बायकांचा महिला कलाकार संघ. तिसऱ्याने कुठल्या खिडकीत अर्ज द्यायचा? मेकअपमन पुरुष आणि बाईने फक्त हेअरड्रेसर व्हायचं, हा नियम तर इतका घट्ट होता की तो मोडायला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. तो निकालही 2014 चाच, नालसानंतर सहा-सात महिन्यांनी. जिथे बाईला रंगाचा ब्रश हातात घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते, तिथे तृतीयपंथी कलाकाराचं काय होत असेल ते सांगायला नको. वर्सोव्याच्या आराम नगरातल्या बंगल्यांवर ऑडिशनसाठी रांगा लागतात आणि दारातून 'नॉट फिट' असा शिक्का ऐकून रोज शेकडो पोरं परततात. त्या रांगेत उभं राहायला आधी भाड्याची खोली लागते, आणि तृतीयपंथी भाडेकरू म्हटलं की दलाल फोन ठेवतो. अभिनयाचं शिक्षण, ओळखीपाळखी, दोन वर्षं बिनकामाची काढायची ऐपत, हे सगळं त्यानंतर.

2020 पासून थोडी हालचाल दिसते. त्या वर्षी 'लक्ष्मी'मध्ये शरद केळकरांनी केलेलं छोटं काम अक्षय कुमारच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त वाखाणलं गेलं, पण निवडीची चाल जुनीच. उलट त्याच वर्षी 'पाताल लोक'मध्ये चिनीची भूमिका मैरेम्बाम रोनाल्डो सिंग यांना मिळाली आणि झी मराठीवरच्या 'कारभारी लयभारी'त गंगा ही ट्रान्स कलाकार रोज संध्याकाळी मराठी दिवाणखान्यात येऊ लागली. सासू-सुनांच्या मालिकेच्या वेळेत, जेवणाच्या ताटासमोर! मला हा टप्पा कुठल्याही महोत्सवी सिनेमापेक्षा मोठा वाटतो. 2023 मध्ये 'हड्डी'त नायिकेच्या जागी नवाजुद्दीन सिद्दिकी होता, पण आजूबाजूला खऱ्या ट्रान्स स्त्रिया होत्या, नाव आणि संवाद असलेल्या. 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या पर्वात त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू या डॉक्टर असलेल्या ट्रान्स स्त्रीने मेहर रंगवली.

या सगळ्या भूमिका मात्र ट्रान्स पात्रांच्याच आहेत. नॉन-ट्रान्स नटाला ट्रान्स भूमिका मिळते, तशी ट्रान्स कलाकाराला शेजारची काकू, बँकेतली मॅनेजर किंवा नायकाची बहीण म्हणून सहसा कुणी बोलावत नाही. 'नट तो नट' हे तत्त्व सध्या एकाच बाजूने लागू आहे.