रीफ टँकमध्ये कॉपरबँड बटरफ्लायफिश सोडणं

घरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळ (कोरल) आणि लाइव्ह रॉक (बारीक जीव वसलेले समुद्री खडक) असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, बटरफ्लायफिश सोडणं हे या छंदातलं नाजूक काम आहे. या कुळात सुमारे १३० जाती आहेत, पण मुंबईतल्या टँकवाल्यांची नजर बहुतेक वेळा कॉपरबँडवरच जाते. शास्त्रीय नाव केल्मॉन रोस्ट्रॅटस, लिनियसने १७५८ साली वर्णन केलेला, अंदमानच्या समुद्रापासून जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत सापडणारा. चंदेरी पांढऱ्या अंगावर केशरी उभे पट्टे, पाठीच्या परावर मागे डोळ्यासारखा काळा ठिपका, आणि चिमट्यासारखं लांब तोंड. पूर्ण वाढला की २० सेंटीमीटरपर्यंत जातो, हे दुकानातलं चार बोटांचं पिल्लू बघताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

तो घ्यायचं एक नेहमीचं कारण म्हणजे ऍप्टेशिया. हे छोटं तपकिरी ऍनिमोन लाइव्ह रॉकवरून टँकमध्ये घुसतं, भराभर पसरतं आणि शेजारच्या कोरलला डंख मारून मागे हटवतं. कॉपरबँड ते खातो हे खरं, पण प्रत्येक मासा खातोच असं नाही, एखादा सगळं साफ करतो आणि दुसरा ढुंकूनही बघत नाही. फक्त तेवढ्यासाठी त्याला आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्या कामाला पेपरमिंट झिंगे आहेत, बर्घिया नावाची समुद्री गोगलगाय आहे जी ऍप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही.

मूळ प्रश्न खाण्याचा आहे. समुद्रात हा मासा दिवसभर खडकांच्या फटीत तोंड घालून बारीक किडे, अळ्या, छोटे कवचधारी जीव टिपत फिरतो, त्यामुळे दिवसातून एकदा चिमूटभर फ्लेक्स टाकले की झालं हा हिशोब इथे चालत नाही. टँक निदान ४०० लिटरचा आणि वर्षभर तरी जुना हवा, खडकावर त्याला टिपायला काहीतरी जिवंत असलं पाहिजे. आणि ४०० लिटर म्हणजे नुसतं पाणीच ४०० किलोच्या वर, त्यात काच, खडक, स्टँड, सम्प (खालची फिल्टरची टाकी) आलं, तेव्हा जुन्या चाळीत किंवा पागडीच्या इमारतीत राहत असाल तर स्लॅबचं आधी विचारून घ्या.

मुंबईचं हवामान इथे आडवं येतं. टँकचं पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं असतं आणि मे महिन्यात बाहेर ३४ असतं. पाण्यावर पंखा लावायची युक्ती कोरड्या हवेच्या गावात बरी चालते, पण आपल्याकडच्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी होतं, म्हणून चिलरला, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी राहतो, त्यात लाईट गेली की मासे तासाभरात वर येऊन धापा टाकायला लागतात. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बंद पडून अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. पाण्यासाठी नळाचं पाणी आरओ-डीआयमधून (क्षार काढून टाकणाऱ्या फिल्टरमधून) काढून त्यात सॉल्ट मिक्स (समुद्री मिठाचं मिश्रण) घालायचं, खारटपणा विशिष्ट गुरुत्वात १.०२५. जुहू-दादरच्या किनाऱ्यावरून पाणी भरून आणू नका, त्यात गाळ आणि सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात तर खारटपणाचाही भरवसा नसतो.

मासा निवडताना क्रॉफर्ड मार्केट असो की उपनगरातलं मरीन दुकान, दुकानदाराला म्हणायचं दादा, जरा खायला घालून दाखवा. समोर खाल्लं नाही तर पैसे देऊ नका, आठवड्याने परत जा. पोट आत गेलेलं, डोक्यामागची पाठ बारीक झालेली, पर चिकटवून कोपऱ्यात उभा असेल तर नको. बाजारातले जवळपास सगळे कॉपरबँड समुद्रातून पकडलेले असतात, आणि इंडोनेशिया, फिलिपिन्सकडे काही ठिकाणी सायनाइड मारून मासे पकडायचे प्रकार झालेले आहेत, तसा मासा वरून ठणठणीत दिसतो आणि काही दिवसांनी जातो.

घरी आणल्यावर थेट मोठ्या टँकमध्ये सोडायचा नाही. चार ते सहा आठवडे वेगळा क्वारंटाईन टँक, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाईपचे तुकडे, मंद उजेड. दोन दिवस प्रवास केलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून पिशवीत थेंब थेंब टँकचं पाणी सोडत तासन् तास ड्रिप लावून बसू नका. क्वारंटाईनचा खारटपणा आधीच पिशवीएवढा करून ठेवा, तापमान जुळवा आणि मासा हलकेच पलीकडे सोडा. पांढरे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी दिसला तर तांब्याचं औषध देतात, पण बटरफ्लायफिशला तांबं जड जातं, डोस टेस्ट किटने मोजूनच. अंगावरच्या फ्लूकसाठी (चपट्या परजीवी किड्यांसाठी) प्राझिक्वांटेल हे औषध.

पहिलं खाणं म्हणून तिसऱ्यांसारखं (तिसऱ्या म्हणजे बाजारातले छोटे शिंपले) दुसरं काही नाही, आणि त्या बाबतीत आपण नशीबवान, कोळीणमावशींकडे ताज्या मिळतात. जिवंत घ्यायच्या, धुवून दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवायच्या, मग उघडून अर्ध्या शिंपल्यातलं मांस तसंच खडकाच्या फटीत अडकवायचं. फटीतून ओढून खायची त्याची सवय असल्यामुळे तरंगत्या खाण्याकडे न बघणारा मासाही इथे चोच मारतो. उरलेलं तासा-दोन तासांत काढून टाका नाहीतर पाणी खराब. मात्र कायम तिसऱ्यांवरच ठेवू नका, बऱ्याच शिंपल्यांमध्ये थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, त्याने बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता होते, म्हणून हळूहळू फ्रोझन मायसिस (बारीक झिंग्यांसारखे जीव) त्यात मिसळत जायचं, दिवसाला तीन-चार वेळा थोडं थोडं.

रीफमध्ये सोडल्यावर तो फेदर डस्टर किडे (पिसांच्या झुपक्यासारखे दिसणारे समुद्री किडे) आणि शिंपले खाणार हे धरून चाला, मांसल कोरललाही कधी टोचतो. पण शेवरॉन, मेयर्स किंवा ऑर्नेट बटरफ्लायफिश मात्र घेऊच नये, ते कोरलच्या पॉलिपवरच जगतात आणि घरात उपाशी मरतात. कोरलचा कायदाही माहीत हवा, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाईप आणि समुद्री पंखे आहेत, आपल्या समुद्रातून ते काढणं, विकणं गुन्हा आहे.

टँग, म्हणजे नव्या माशाला हुसकावणारे सर्जनफिश, यांच्या आधी कॉपरबँड सोडा. टँग आधीपासून असतील तर भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात त्याला आठवडाभर टँकमध्येच ठेवा, डब्यातच खाऊ घाला, आणि टँगचं बाहेरून शेपट्या मारणं थांबलं की रात्री लाईट बंद केल्यावर झाकण उघडा.