इंग्लंडमधल्या नव्या घराची एअर टेस्ट: अडतं कुठे आणि तयारी काय हवी

जून 2022 च्या नियमांपासून इंग्लंडमध्ये प्रत्येक नव्या घराची हवागळती चाचणी (घराच्या फटींतून किती हवा निसटते याची मोजणी, म्हणजेच एअर टेस्ट) सक्तीची आहे. पूर्वीसारखी नमुन्यादाखल चार-दोन घरं तपासून भागत नाही. टेस्टर नोंदणीकृतच हवा.

सगळ्यात जास्त घोळ आकड्याचा होतो. कमाल मर्यादा 8 आहे: 50 पास्कल दाबाला, भिंती-जमीन-छत मिळून होणाऱ्या कवचाच्या दर चौरस मीटरमागे तासाला 8 घनमीटर हवा. लोक तेवढंच वाचतात. पण तुमच्या एसएपी हिशेबात (घराच्या ऊर्जावापराचा सरकारी पद्धतीचा हिशेब) 4 धरले असतील आणि चाचणीत 6 आले, तर 8 च्या आत असूनही अंतिम हिशेब कोलमडू शकतो. हा हिशेब करणाऱ्या असेसरकडून तुमचा आकडा आधी लेखी घ्या. आकडा 3 च्या खाली आला आणि घरात फक्त ट्रिकल व्हेंट (खिडकीच्या चौकटीतल्या हवेच्या बारीक चिरा) नि अधूनमधून चालणारे पंखे असतील, तर वायुवीजनाचा पुन्हा विचार करावा लागतो.

टेस्टरला अद्ययावत नकाशे द्या. कवचाचं क्षेत्रफळ त्यावरूनच निघतं. ऐन वेळी कोणाकडेच नसतात ते फोटो. इन्सुलेशन आणि सांधे झाकण्यापूर्वीचे, तारीख-वेळ-ठिकाण नोंदलेले फोटो प्रत्येक घराचे वेगळे लागतात. प्लास्टरबोर्ड लागल्यावर ते काढायचे कुठून? हा नियम साइटवर वेळीच कोणी सांगत नाही, याची खरंच चीड येते.

चाचणीच्या दिवशी खिडक्या, बाहेरची दारं, ट्रिकल व्हेंट बंद. आतली दारं सताड उघडी. सिंक-बेसिनखालच्या सगळ्या ट्रॅपमध्ये (वळणाच्या नळीत) पाणी भरा, पंखे बंद करून त्यांची तोंडं टेपने सील करा. शेगडीत विस्तव नको. चालू वीज हवी. वारा सेकंदाला 6 मीटरच्या वर असेल तर तारीख पुढे ढकला.

टेप लावायची मुभा वायुवीजनाच्या तोंडांपुरतीच आहे. लॉफ्टच्या (माळ्याच्या) झडपेभोवती किंवा स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळच्या पट्टीखाली) टेप मारून घर पास होत नाही.

आदल्या आठवड्यात बाथटबचं पॅनेल काढून आत टॉर्च मारा. सॉइल पाइप (संडासाच्या सांडपाण्याचा पाइप) जमिनीतून जातो तिथे भोवती बोटभर फट हमखास दिसते, कारण पॅनेलमागे कोणी बघणार नाही असं गृहीत धरलेलं असतं. किचन युनिटमागचे पाइप, बॉयलरचा फ्लू (धुराचा पाइप), फ्यूजबोर्डात शिरणाऱ्या केबल्स यांचीही तीच गत. ही भोकं फिटिंग बसण्याआधी बुजवली तर सीलंटच्या नळीत भागतं. नंतर युनिट उचकटावी लागतात.