काळ्या दारूच्या काडतुसांची भरणी

काळ्या दारूच्या काडतुसांची भरणी : सोरा, गंधक व कोळसा यांच्या जुन्या मिश्रणाने, म्हणजेच काळ्या दारूने, भरलेल्या पितळी काडतुसांच्या गोळ्या ८०० ते १,००० यार्डांवरील (सुमारे ७३० ते ९१५ मी.) लक्ष्यावर एकापाठोपाठ एकाच जागी पडाव्यात, यासाठी दारू, गोळी, वंगण आणि पुंगळी यांचा मेळ बसवण्याची पद्धत. एका विशिष्ट रायफलीला जुळलेली भरणी त्याच बनावटीच्या दुसऱ्या रायफलीला जुळेलच असे नाही. म्हणून ती प्रत्येक नळीसाठी नव्याने शोधावी लागते.

या कलेचा भरभराटीचा काळ १८७० ते १८९० असा सुमारे वीस वर्षांचा आहे. अमेरिकेतील नॅशनल रायफल असोसिएशनने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूर येथे उभारलेल्या मैदानात २६ सप्टेंबर १८७४ रोजी आयर्लंड व अमेरिका यांचा सामना झाला. आयरिश संघाकडे रिग्बी बनावटीच्या, तोंडाकडून ठासून भरायच्या रायफली होत्या, तर अमेरिकनांकडे शार्प्स व रेमिंग्टन यांच्या, मागून काडतूस घालायच्या. प्रत्येक संघात सहा नेमबाज होते, आणि ८००, ९०० व १,००० यार्डांवर प्रत्येकाने पंधरा-पंधरा गोळ्या झाडायच्या होत्या. एका आयरिश नेमबाजाची गोळी अगदी मधोमध लागली, पण ती शेजारच्या लक्ष्यावर, त्यामुळे तिचा गुण मिळाला नाही. शेवटची गोळी अमेरिकेच्या जॉन बोडाइन यांची होती. थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली फुटून त्यांचा हात कापला होता. हाताला रुमाल बांधून त्यांनी ती गोळी मध्यभागी बसवली आणि अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ असा विजय मिळवला. तोवर अचूकता म्हणजे तोंडाकडून ठासलेली रायफल, असाच जाणकारांचा समज होता. फरक तीनच गुणांचा होता, त्यामुळे त्या एका दिवसाने वाद मिटला असे म्हणणे धाडसाचे ठरेल; तथापि पितळी काडतूसही त्या पंक्तीला बसू शकते, एवढे सिद्ध झाले. फ्रान्समध्ये १८८४ साली पॉल व्हियेय यांनी बिनधुराची दारू तयार केल्यावर काही वर्षांतच काळी दारू लष्करातून मागे पडली.

त्या काळी काडतुसाच्या नावातच त्याची भरणी सांगितलेली असे. अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारलेल्या ४५-७० या काडतुसात गोळीचा व्यास ०.४५ इंच आणि दारू ७० ग्रेन (सुमारे साडेचार ग्रॅम) असे. लांब पल्ल्यासाठी ४५-९०, ४५-११० यांसारखी लांब पुंगळीची काडतुसे निघाली. स्पर्धेत आज ०.४५ इंच व्यासाची गोळी बहुधा ५०० ते ५४० ग्रेनांची, म्हणजे ३२ ते ३५ ग्रॅमची, असते आणि ती सेकंदाला ३६५ ते ४१० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. हजार यार्डांपर्यंत पोहोचायला तिला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो आणि वाटेत ती दृष्टिरेषेच्या वर दहा मीटरांहून अधिक चढते. अशा कमानदार मार्गामुळे सुरुवातीच्या वेगात सेकंदाला तीन मीटर जरी फरक पडला, तरी लक्ष्यावर गोळी फूटभर वर किंवा खाली जाते. भरणी जुळवणाऱ्याचे सारे लक्ष म्हणूनच वेग वाढवण्यापेक्षा तो एकसारखा राखण्याकडे असते.

काळ्या दारूचा खरा प्रश्न तिच्या जोराचा नसून तिच्या किटणाचा आहे. ही दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन क्षारांच्या रूपाने मागे उरतो. काही भाग पांढऱ्या धुराबरोबर बाहेर जातो, उरलेला नळीच्या आट्यांना, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचांना, चिकटतो. हवा कोरडी असेल तर हे किटण दगडासारखे कडक होते, दमट असेल तर मऊ राहते. कोकणात शेतराखणीसाठी ठासणीची बंदूक वापरणाऱ्यालाही नळीतल्या या किटणाची ओळख असते; मात्र त्याचे लक्ष्य जवळचे असल्याने चार बारांनंतर नळी खरखरीत झाली तरी त्याचे फारसे अडत नाही. हजार यार्डांवर मात्र पहिली गोळी स्वच्छ नळीतून आणि दहावी खरबरीत नळीतून गेली, तर दोन्हींची गाठ लक्ष्यावर पडत नाही.

वंगणाचे महत्त्व यातूनच येते. मधमाशांचे मेण आणि चरबी किंवा वनस्पती तेल यांचे मिश्रण गोळीच्या खाचांत भरतात. ते शिसे नळीला चिकटू देत नाही आणि किटण मऊ ठेवते. १८५७ च्या असंतोषात गाजलेल्या एनफिल्डच्या कागदी काडतुसांनाही मेण-चरबी याच कामासाठी लावली जात होती, हे येथे ओघाने सांगण्यासारखे आहे.

दारूचा रवा इंग्रजी ‘एफ’ या अक्षराने दर्शवतात; एफ जितके जास्त, तितका रवा बारीक. लांब काडतुसांना बहुधा एक एफ ते दोन एफ या दरम्यानचा रवा मानवतो. वजन करून घेतलेली दारू पाऊण मीटरभर उंचीच्या बारीक नळीतून सावकाश पुंगळीत सोडतात. दाणे एकामागून एक सळसळत खाली जातात आणि एकमेकांत घट्ट बसतात. तीच दारू एकदम ओतली तर पुंगळी काठोकाठ भरते, सावकाश सोडली तर वर बोटभर जागा सापडते. तिच्यावर जाड कागदाची किंवा प्लॅस्टिकची चकती ठेवून दट्ट्याने ठरावीक खोलीपर्यंत दाब देतात. किती दाबायचे हे दारूच्या बनावटीवर अवलंबून असते : स्विस दारूला थोडा दाब पुरतो, इतर काही दारूंना बराच लागतो. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी मात्र कधीही राहू द्यायची नाही, कारण तशा काडतुसाने नळीला आतून कड्यासारखा फुगवटा येऊ शकतो. बिनधुराची दारू याच मापाने भरणे तर प्राणघातक ठरू शकते.

गोळी शिसे व कथील यांच्या मिश्रणाची, बहुधा सोळा ते तीस भाग शिशाला एक भाग कथील या प्रमाणात, साच्यात ओततात. ओतलेल्या गोळ्या एकेक तोलून वजनाप्रमाणे वेगळ्या करतात. हलकी निघालेली गोळी आत हवेचा बुडबुडा असल्याची शंका घेऊन पुन्हा भांड्यात टाकतात. वंगणाच्या खाचांऐवजी गोळीला कागद गुंडाळण्याची रीत जुनी आहे. ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची ४८० ग्रेनांची गोळीही कागदातच असे. पातळ, चिवट कागदाची तिरकी कापलेली पट्टी ओली करून गोळीभोवती नेमके दोन वेढे देतात. शेवट सुरुवातीला भिडला पाहिजे, पण त्यावर चढता कामा नये. वाळताना कागद आक्रसतो आणि शिशाला घट्ट धरतो. बार झाल्यावर नळीपुढे पडलेले कागदाचे कपटे अनुभवी नेमबाज उचलून पाहतो : ते आट्यांच्या रेषांवर स्वच्छ चिरलेले असतील तर गोळी नीट सुटली, जळके किंवा फाटके असतील तर दोष भरणीत शोधायचा.

प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसवलेली, दारू पेटवणारी टोपी, सौम्य असावा, हे बहुतेकांना मान्य आहे. काही जण त्याची ठिणगी आणखी मवाळ करण्यासाठी दारूखाली वर्तमानपत्राच्या कागदाची चकती ठेवतात. चाचणी घेताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. आज दारू अर्धा ग्रेन वाढवली, चकतीही बदलली आणि गोळ्या जवळजवळ पडल्या, तर श्रेय कुणाला द्यायचे हे कळत नाही. पाच गोळ्यांवरून मत बनवण्याची घाई हा या छंदातला सर्वांत महागडा दोष होय.

दोन बारांच्या मध्ये एक तर ओल्या फडक्याने नळी पुसतात, नाही तर मागून लांब नळी लावून तीत काही सावकाश श्वास सोडतात. उच्छ्वासातील ओलाव्याने किटण मऊ पडते. कोरड्या, उष्ण दिवशी श्वासांची संख्या वाढवावी लागते, म्हणून ती भरणीचाच भाग समजून वहीत नोंदवतात. अमेरिकेत १९८० च्या दशकात धातूच्या प्राणिआकृतींवर ५०० मीटरपर्यंत नेम धरण्याच्या स्पर्धा न्यू मेक्सिकोतील रॅटन येथे सुरू झाल्या आणि या विद्येला नव्याने चाहते मिळाले. सामना संपताच रिकाम्या पुंगळ्या साबणाच्या पाण्याच्या बरणीत टाकल्या जातात. तसे न करता त्या रात्रभर राहिल्या, तर क्षारांनी पितळ काळेहिरवे पडते.