‘अदृश्य हात’ त्या पुस्तकात नेमका किती आहे?

मुक्त बाजारावरच्या वाचनाची यादी फिरते तेव्हा एक वाक्य हमखास सोबत येतं: अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ हा ग्रंथ सांगतो, सरकारने कशातच पडू नये, बाजाराचा अदृश्य हात सगळं सांभाळतो, म्हणजे प्रत्येकाने आपला फायदा पाहिला की सगळ्यांचं भलं आपोआप होतं.

हा समज होणं साहजिक आहे. 1776 सालचा हा ग्रंथ मक्तेदारी आणि आयातबंदीवर खरोखरच तुटून पडतो. पण ‘अदृश्य हात’ हे शब्द एवढ्या जाडजूड ग्रंथात एकदाच येतात, चौथ्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात. तिथे विषय आहे भांडवल देशातच गुंतवण्याकडे असलेला व्यापाऱ्यांचा कल. सरकार नको, असं तिथे म्हटलेलं नाही.

उलट पाचवा भाग सरकारच्याच कामांवर आहे: संरक्षण, न्याय, रस्ते-पूल, सामान्यांच्या मुलांचं शिक्षण. आणि दुसऱ्या भागात तर बँकांना लहान रकमेच्या नोटा काढायला मनाई करावी, असं सुचवलंय. हा स्वातंत्र्यावर घाला आहे हे स्मिथ मान्य करतो, पण आग पसरू नये म्हणून शेजारच्या दोन घरांच्या मधे भिंत बांधायची सक्ती असते, तशीच ही, असं त्याचं म्हणणं. (मला हा उतारा सगळ्यात बोलका वाटतो.)

पुढच्या काही विचारवंतांनी राज्यसंस्थाच नको म्हटलं, पण ती भूमिका त्यांची.

पडताळणी सोपी आहे. ग्रंथ स्वामित्वहक्काबाहेर असल्याने इंटरनेटवर फुकट मिळतो. मूळ इंग्रजी प्रतीत ‘इन्व्हिजिबल हँड’ शोधा, मागचा-पुढचा परिच्छेद वाचा, मग पाचव्या भागाची अनुक्रमणिका बघा.