शंभरातल्या नऊ गाड्या

धुळ्याच्या आग्रा रोडवर सायंकाळी सात वाजता एखादी चारचाकी पाचकंदीलकडे वळते, तेव्हा चालवणाऱ्याच्या मनात एवढाच हिशोब असतो: पेट्रोल किती जाईल, वेळ किती लागेल, गाडी लावायला जागा मिळेल का. आपल्यामुळे मागच्यांचा किती वेळ जाणार, हे त्या हिशोबात कुठेच नसतं. वाहतूक कोंडीचं मूळ या न धरलेल्या खर्चात आहे.

आकडे मांडून पाहू. समजा, एका चौकातून मिनिटाला जास्तीत जास्त ३० गाड्या निघू शकतात, म्हणजे दर दोन सेकंदांना एक. मिनिटाला २८ गाड्या आल्या तर काहीच अडत नाही. ३३ आल्या तर दर मिनिटाला ३ मागे राहतात, आणि तासाभरात १८० गाड्यांची रांग लागते. शेवटच्या गाडीला सहा मिनिटं खोळंबावं लागतं. आता ३३ पैकी ३ गाड्या आल्याच नाहीत असं धरा. रांग लागतच नाही. शंभरातल्या नऊ गाड्या कमी झाल्या आणि खोळंबा पूर्ण गेला! सगळ्या गाड्या हटवायची गरजच नसते, आणि कोंडीबद्दल बोलताना नेमकं हेच आपल्या लक्षात येत नाही.

याच उदाहरणात गर्दी सुरू होताना शिरलेली पहिली गाडी घ्या. तिला स्वतःला थांबावंच लागत नाही. पण तिने घेतलेले दोन सेकंद मागच्या प्रत्येक गाडीच्या वाट्याला येतात, थेट रांग संपेपर्यंत. तासात मागून सुमारे १,९८० गाड्या येणार. प्रत्येकीचे दोन सेकंद धरले तर ६६ मिनिटं होतात. म्हणजे एका माणसाने इतरांचा मिळून तासाभराहून जास्त वेळ घेतला आणि त्याला पत्ताही नाही. दोष त्याचा नाही. त्याला हा खर्च कुणी दाखवलेलाच नाही.

आपल्या वागण्याचा जो भुर्दंड दुसऱ्यावर पडतो त्याची किंमत आपल्याकडून घेतली जावी, हा विचार ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले विल्यम विक्री यांनी १९५० च्या दशकापासून तो शहरांच्या रस्त्यांना लावून दाखवला: गर्दीच्या वेळी जास्त दर, रिकाम्या वेळी कमी किंवा शून्य. त्यांना १९९६ मध्ये नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी त्यांचं निधन झालं.

रस्ते रुंद केले तर भागणार नाही का? काही काळ भागतं. मग मोकळा रस्ता पाहून नव्या गाड्या येतात. शिवाय गर्दीत रस्त्याची क्षमताच खालावते. जपानमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २३० मीटर घेराच्या गोल मार्गावर २२ गाड्या सोडल्या होत्या. सगळ्यांना एकाच वेगाने चालवायला सांगितलं होतं. ना सिग्नल, ना खड्डा, ना अपघात. थोड्याच वेळात कुणीतरी जरासा ब्रेक लावला, मागच्याने थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि कोंडीची एक लाट मागे मागे सरकू लागली. गाड्या ठरावीक मर्यादेपलीकडे दाटल्या की कोंडी आपोआप जन्मते.

विक्रींचा विचार सर्वांत आधी मोठ्या शहरात उतरवला तो सिंगापूरने, जून १९७५ मध्ये. या कामाला तेव्हा ना कॅमेरे होते, ना संगणक. सकाळी साडेसात ते साडेनऊ शहराच्या मध्यभागी शिरायचं असेल तर दिवसाला तीन सिंगापूर डॉलरचा कागदी परवाना काचेवर चिकटवायचा. त्या भागाच्या वेशीवरच्या कमानीपाशी उभा असलेला कर्मचारी तो नजरेने तपासायचा. चार माणसं बसलेल्या गाडीला सूट होती. त्या वेळात येणाऱ्या गाड्या चाळीस टक्क्यांहून अधिक घटल्या. पण काही लोक साडेनऊ वाजायची वाट पाहत थांबत आणि मग एकदम आत घुसत. महिना-दोन महिन्यांतच वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. किंमत लावली की माणूस मार्ग, वेळ, सोबती, सगळंच बदलून पाहतो. १९९८ पासून तिथे इलेक्ट्रॉनिक वसुली आहे. दर ठिकाणानुसार आणि वेळेनुसार बदलतात आणि रस्त्यांवरचा प्रत्यक्ष वेग पाहून फेरआढावा होतो.

मला सर्वांत पटलेलं उदाहरण मात्र स्टॉकहोमचं आहे, कारण त्यांनी आधी करून पाहिलं आणि मग लोकांना विचारलं. ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ अशी गर्दीच्या शुल्काची चाचणी झाली. सोबत जादा बसगाड्या सोडल्या. शुल्क वेळेनुसार १०, १५ किंवा २० क्रोनर (स्वीडनचं चलन). शुल्क लागणाऱ्या भागाची सीमा ओलांडणारी वाहतूक साधारण वीस टक्क्यांनी घटली, दुकानदारांच्या धंद्यावर ठळक परिणाम दिसला नाही. चाचणी संपताच गाड्या पुन्हा वाढल्या. सुरुवातीला बहुतेकांचा विरोध होता, पण सप्टेंबरच्या मतदानात शहरवासीयांनी शुल्काच्या बाजूने कौल दिला, आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायम झालं. एडिंबराने २००५ मध्ये करून न पाहताच मतदान घेतलं आणि योजना बारगळली.

लंडनमध्ये फेब्रुवारी २००३ पासून शुल्क आहे. सुरुवातीला पाच पौंड होतं, पुढे वाढत गेलं. पहिल्या वर्षी कोंडी तीसेक टक्क्यांनी उतरली, पण नंतर खोदकामं आणि बस-पादचाऱ्यांना दिलेली जादा जागा यांमुळे ती पुन्हा वाढली, तरी गाड्या पूर्वीपेक्षा कमीच राहिल्या. विक्रींच्या स्वतःच्या शहरात, न्यूयॉर्कमध्ये, हे सुरू व्हायला ५ जानेवारी २०२५ उजाडला. मॅनहॅटनच्या ६०व्या रस्त्याच्या दक्षिणेला शिरणाऱ्या कारला गर्दीच्या वेळी नऊ डॉलर लागतात, आणि पैसा मेट्रो-बसच्या कामाला जातो.

मग गरिबाने काय करायचं? हा प्रश्न खराच आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येत नाही. कोंडीत बस अडकते तेव्हा चाळीस माणसांचा वेळ जातो, कार अडकते तेव्हा एक-दोघांचा. म्हणून शुल्काचा पैसा बसमध्ये गेला तर ते न्याय्य ठरतं. तो पैसा भलतीकडे जाणार असेल, तर विरोध करणाऱ्यांच्या बाजूने मीही उभा राहीन.

खान्देशाला वाटून घेण्याची सवय नवी नाही. पांझराकाठच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी कुणाला, कधी, किती, हे पाटकरी ठरवतो आणि टंचाईच्या काळातही शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचावं अशी रीत गावाने घालून दिलेली असते. सायंकाळचा रस्ता हेही असंच टंचाईतलं पाणी आहे, पण त्याला पाटकरी नाही.

जळगाव-धुळ्यात लंडनसारखं शुल्क लावा, असं मी म्हणणार नाही. इथे गर्दी मुख्यतः दुचाकींची आणि रिक्षांची आहे (लंडनने दुचाकींना शुल्कातून वगळलंय), आणि शहरातल्या शहरात बसचा भक्कम पर्याय उभा नाही. तो नसताना शुल्क लावणं म्हणजे नुसता दंड. तांत्रिक अडचण मात्र मोठी नाही. लळिंगच्या किंवा नशिराबादच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातोच. फरक एवढा की टोल रस्ता बांधल्याचा खर्च वसूल करतो, त्याला दुपारची शांतता आणि सायंकाळची गर्दी सारखीच.

आपल्याकडे सुरुवात पार्किंगपासून करता येईल. जळगावच्या फुले मार्केटच्या परिसरात सणाच्या दिवसांत विचारा, उत्तर एकच मिळतं: ‘‘गाडी लावाले जागाच नही, भो.’’ जागा नाही, कारण ती फुकट आहे आणि सकाळी लावलेली गाडी रात्रीपर्यंत हलत नाही. त्यात दुकानातल्याच माणसांच्या गाड्या कितीतरी. सकाळी मोफत, सायंकाळी पाच ते नऊ तासावर दर, दुचाकीला नाममात्र आणि चारचाकीला जास्त, असं वेळेवर बांधलेलं शुल्क सहा महिने लावून पाहावं. आधी आणि नंतर चौकातल्या गाड्या मोजाव्यात, आकडे महापालिकेने फलकावर लावावेत, जमा रक्कम शहर बससाठी वेगळ्या खात्यात ठेवावी, आणि मग व्यापारी, रिक्षावाले, रहिवासी यांना एकत्र बसवून पुढचं ठरवावं.