लग्नाचा मुहूर्त आणि त्वचेचं वेळापत्रक

चेहऱ्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारण ४ ते ७ टक्के प्रकाश त्वचेच्या अगदी वरच्या थरावरूनच परत फिरतो. उरलेला आत शिरतो, मेलॅनिन आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये थोडा शोषला जातो, कोलॅजेनच्या तंतूंमधून भरकटतो आणि त्यातला काही भाग पुन्हा बाहेर येतो. रंग दिसतो तो या बाहेर आलेल्या प्रकाशामुळे, चमक दिसते ती वरच्यावर परतलेल्या प्रकाशामुळे. लग्न ठरल्यावर पार्लर, क्रीम आणि उटण्यांवर होणारा बहुतेक खर्च रंग बदलण्यासाठी असतो. पण रंग ठरवणारं मेलॅनिन महिन्याभरात फारसं हलत नाही. वरचा थर मात्र चार आठवड्यांत पुष्कळ सुधारतो, आणि फोटोत आधी तोच दिसतो.

या वरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. चेहरा-हातांवर त्याची जाडी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे मृत, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पापुद्रे. त्यात पुरेसं पाणी असलं की पापुद्रे एकमेकांना चिकटून सपाट बसतात. पाणी १० टक्क्यांच्या खाली गेलं की पापुद्र्यांच्या कडा उचलल्या जातात आणि मधल्या फटींत हवा शिरते. पापुद्र्यांतल्या केराटिन या प्रथिनाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, १.५५ च्या आसपास, हवेचा १. इतका फरक असलेल्या प्रत्येक सीमेवर प्रकाश विखुरतो आणि त्वचेच्या खऱ्या रंगावर एक पांढुरका पडदा येतो. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर तो राखाडी, भुरकट दिसतो. थंडीत पोटरीवर नख ओढल्यावर उमटणारी पांढरी रेघ म्हणजे हाच प्रकार. भज्यांखालचा कागद तेल लागलेल्या जागी पारदर्शक होतो, कारण तंतूंमधल्या हवेची जागा कागदाशी जुळत्या अपवर्तनांकाचं तेल घेतं. मॉइश्चरायझर लावल्याक्षणी चेहरा ‘उजळ’ वाटतो तोही याच कारणाने. मेलॅनिनचा एक कणही कमी झालेला नसतो.

म्हणून सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे. ग्लिसरीन असलेलं साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा, चेहरा धुतल्यावर दोन-तीन मिनिटांच्या आत, त्वचा ओलसर असतानाच लावायचं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पण वर काही झाकण नसेल तर कोरड्या हवेत ते पाणी उडून जातं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते ती नेमकी थंडीत. विदर्भ-मराठवाड्यात तेव्हा हवा कोरडी असते, त्यामुळे रात्री वरून पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवणं फायद्याचं. कोकणात किंवा मे महिन्यातल्या लग्नात तोच हात घामोळं आणि मुरुमांना आमंत्रण देतो. तिथे जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर पुरतं.

आता वेळापत्रक. त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी शृंगस्तरापर्यंत पोहोचायला साधारण दोन आठवडे घेते आणि तिथून गळून पडायला आणखी दोन. वय वाढेल तसा हा काळ लांबतो. त्यामुळे आतून काम करणारं कोणतंही औषध चार आठवड्यांच्या आत आपला खरा परिणाम दाखवू शकत नाही, दुष्परिणाम मात्र चौथ्या दिवशी दाखवतं. ॲडापलीन ०.१ टक्के हे लावायचं मलम त्याचं ठळक उदाहरण. मुरुमांवर ते उत्तम, पण फायदा ८ ते १२ आठवड्यांनी दिसतो. पहिले दोन ते चार आठवडे साल निघते, जळजळ होते, कधी मुरुम आधी वाढतात. लग्नाला पंधरा दिवस उरले असताना ते सुरू करणारीच्या वाट्याला फक्त हा पहिला भाग येतो. तीन महिने हातात असतील तर त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने रात्री, एक दिवसाआड, संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं. गरोदरपणात आणि गर्भधारणेचा विचार असताना अजिबात नाही. वॅक्सिंगच्या आधी किमान आठवडाभर ते बंद ठेवावं लागतं, नाहीतर पातळ झालेला वरचा थर मेणाबरोबर सोलून निघतो.

सहा ते आठ आठवडे असतील तर ४-५ टक्के नायसिनमाइड किंवा १० टक्के ॲझेलेइक ॲसिड, दोन्हींपैकी एकच. नायसिनमाइड मेलॅनिनची निर्मिती थांबवत नाही. तयार झालेल्या मेलॅनिनच्या पुड्या रंगपेशींकडून शेजारच्या पेशींकडे जातात, ती वाहतूक ते मंदावतं. त्यामुळे डाग फिके व्हायला वेळ लागतो, पण त्रासही कमी. महिन्याहून कमी वेळ उरला असेल तर सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बस्स. मैत्रिणीने सुचवलेलं सीरम लग्नानंतर.

नवीन वस्तू तपासण्याची पद्धतही बहुतेक जण अर्धीच करतात. मनगटावर लावून दहा मिनिटांनी ‘काही झालं नाही’ म्हणण्याला अर्थ नाही, कारण ॲलर्जीची प्रतिक्रिया उमटायला ४८ ते ७२ तास लागतात. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावून पाहायचं. त्यातही एक गोम आहे. शरीराची एखाद्या रसायनाशी पहिलीच गाठ असेल तर ॲलर्जी तयार व्हायला दहा-पंधरा दिवस जाऊ शकतात. पहिला आठवडा छान गेलेलं क्रीम तिसऱ्या आठवड्यात पुरळ आणतं ते यामुळे.

भारतीय त्वचेत खरी अडचण लाली उतरल्यावर सुरू होते. उन्हात त्वचा कशी वागते यावरून तिचे सहा प्रकार करणाऱ्या फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवर आपल्यापैकी बहुतेकांची त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात बसते. अशा त्वचेत जळजळ, भाजणं, जोराचं घासणं या प्रत्येक इजेनंतर रंगपेशी जादा मेलॅनिन ओततात आणि काळपट डाग महिनोन्‌महिने राहतो. त्वचेचं आम्लमान (पीएच) ४.५ ते ५.५ असतं, त्यापासून फार दूरची वस्तूही तिला जाचते. लिंबाच्या रसाचं २ च्या जवळ, खायच्या सोड्याच्या पाण्याचं ८ च्या वर, साबणवडीचं ९ ते १०. लिंबू चोळण्यात आणखी एक धोका आहे: त्यातली फ्युरोकूमारिन्स उन्हात सक्रिय होतात आणि रस जिथे ओघळला तिथे भाजल्यासारखे पट्टे उठतात. डाळीच्या पिठाचं तसं वावडं नाही. त्रास होतो तो उटणं अर्धवट वाळल्यावर रगडून काढण्याने. पाण्याने भिजवून, बोटांच्या पेरांनी सोडवलं तर तेच उटणं निरुपद्रवी. ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक ॲसिडची आधीपासून सवय असेल तर शेवटचा वापर चार-पाच दिवस आधी. त्याने वाढलेली उन्हाची संवेदनशीलता थांबवल्यावरही आठवडाभर टिकते. डॉक्टरकडचं केमिकल पील असेल तर शेवटचं लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी.

उन्हाबद्दल बोलायचं तर, लग्नाआधीच्या महिन्यात चेहरा सर्वांत जास्त रापतो तो पत्रिका वाटताना, दुचाकीवर. सनस्क्रीनवर लिहिलेला एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या जाडीला मोजलेला असतो. चेहरा आणि मान धरून ते एक ते सव्वा ग्रॅम होतं, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा. निम्मं लावलं की संरक्षणही निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. वांग असेल तर त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन निवडावं, कारण सावळ्या त्वचेवर दृश्य प्रकाशही डाग गडद करतो आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही.

हळदीचा पिवळेपणा

हळद लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी लागते, म्हणजे फोटोच्या दृष्टीने अगदी अडचणीच्या वेळी. हळदीत करक्युमिन हा पिवळा रंग देणारा घटक साधारण २ ते ५ टक्के. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीत ते ६ टक्क्यांच्या आसपास जातं. स्वयंपाकघरात जी हळद नावाजलेली, तीच वधूच्या चेहऱ्याला जास्त रंगवणार. करक्युमिन निळा-जांभळा प्रकाश शोषतं आणि शृंगस्तराच्या कोरड्या पापुद्र्यांत जाऊन बसतं. म्हणून भुवया, केसांची रेषा, कोपरं आणि नखांच्या कडा जास्त पिवळ्या राहतात.

पिवळं निघावं म्हणून साबण घेतला की फजिती होते. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि अल्कलीत त्याचा रंग तांबडा होतो. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीत याच रसायनावर चालते. साबणवडीने घासलेल्या चेहऱ्यावर तांबूस छटा येते, आणि ती घालवायला आणखी घासलं की त्वचा खरोखरच लाल होते. करक्युमिन तेलात मात्र विरघळतं. चेहऱ्याला खोबरेल तेल लावून दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने फिरवावं, ओल्या मऊ सुती कापडाने टिपून घ्यावं, लागल्यास पुन्हा एकदा, आणि मग सौम्य फेसवॉश. उरलेली छटा सकाळच्या उजेडात थोडी फिकी होते, कारण प्रकाशात करक्युमिनचं विघटन होतं. त्याहून सोपं म्हणजे आधीच भुवयांवर आणि केसांच्या रेषेवर पेट्रोलियम जेली लावणं, आणि चेहऱ्यासाठी चिमूटभर हळद घातलेली वेगळी वाटी ठेवणं. उष्टी हळद आली की मानाची बोटं गालाला लागणारच. ती या वाटीतली असली तरी विधीत काही उणं येत नाही. काहींना हळदीची ॲलर्जीही असते, तेव्हा सात दिवसांची चाचणी तिलाही लागू.

चार दिवसांत गोरेपणा

चार दिवसांत ‘ग्लो’ देणारं बिननावाचं क्रीम बहुधा दोन प्रकारचं असतं. पहिल्यात बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन असं स्टेरॉइड असतं. ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि दाह दाबतं, त्यामुळे चेहरा खरोखरच लगेच नितळ दिसतो. बंद केलं की लाली, पुरळ आणि जळजळ दुपटीने उसळते, म्हणून पुन्हा लावलं जातं, त्वचा पातळ होत जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती काउंटरवर मिळतात. दुसऱ्या प्रकारात पारा असतो. मेलॅनिन बनवणारं टायरोसिनेज हे विकर तो बंद पाडतो आणि त्वचेतून शोषला जाऊन मूत्रपिंडात साठतो. केरळमधल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतल्या एका विशिष्ट प्रकारच्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम वापरत होते. भारतीय नियमांनुसार अशा क्रीममध्ये नकळत राहिलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. डबीवर घटकांची यादी, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता नसेल तर ती कोणीही दिलेली असो, उघडू नये.

शेवटचा आठवडा

फेशियल दहा दिवस आधी, आणि तेही पूर्वी सोसलेलंच. मसाजाच्या क्रीममुळे काहींना नंतर पुटकुळ्या येतात. वॅक्सिंग तीन-चार दिवस आधी, थ्रेडिंग दोन दिवस आधी. ब्लीच लव सोनेरी करतं, त्वचा नाही. वॅक्सच्याच दिवशी ते लावणं म्हणजे उघड्या रोमछिद्रांवर पेरॉक्साइड आणि अमोनिया. झोप आणि मीठ यांचा परिणाम मुख्यतः डोळ्यांखालच्या सुजेवर होतो, तेवढ्यापुरतं आदल्या रात्री पापड-लोणचं टाळावं.

ऐनवेळी मोठा, दुखरा मुरुम उठलाच तर तो फोडू नये. त्वचारोगतज्ज्ञ त्यात ट्रायॲमसिनोलोनचं पातळ इंजेक्शन देऊ शकतात, मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅम या तीव्रतेचं, एक दशांश मिलिलिटरपेक्षाही कमी. मुरुम एक ते तीन दिवसांत बसतो. मात्रा जास्त झाली तर खड्डा पडतो, म्हणून हे लग्नाच्या सकाळी करायचं काम नाही. लहान मुरुमाला बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के पुरतं. ते कापडाचा रंग उडवतं, तेव्हा पैठणीजवळ नको.

टिकलीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल असतं आणि सततच्या वापराने तिथली त्वचा पांढरी पडू शकते. टिकलीखाली खाज येत असेल तर कुंकू लावावं, निदान त्या महिन्यात.

मेकअपआधी मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन यांना मिळून पंधरा मिनिटं मुरू द्यावं. घाई केली, किंवा सिलिकॉनच्या प्रायमरवर पाणीदार फाउंडेशन घासलं, की त्याच्या बारीक गोळ्या वळतात. फ्लॅशमध्ये चेहरा मानेपेक्षा पांढराफटक येण्याचं कारण बहुधा टिटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड किंवा सिलिकाची पारदर्शक पावडर असते. पहिल्या दोघांचा अपवर्तनांक २ च्या पुढे आहे, त्यामुळे समोरून आलेला फ्लॅश थेट कॅमेऱ्याकडे परततो. आरशात हे कळत नाही. ट्रायल मेकअपच्या दिवशी खोलीत अंधार करून मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढला की लगेच दिसतं. मांडवात घाम आला की आधी टिपकागद दाबून धरायचा, मग पावडर. ओल्या घामावर पावडर टाकली तर तिचा लगदा होतो.

गोरज मुहूर्त असेल तर छायाचित्रकाराशी एकदा बोलून घ्यावं. बाहेर निळसर संधिप्रकाश आणि मांडवात पिवळे दिवे असे दोन्ही उजेड एकाच चेहऱ्यावर पडतात, कॅमेरा त्यांतल्या एकालाच पांढरा मानू शकतो, आणि कालच्या हळदीची उरलेली छटा दुसऱ्या गालावर उठून दिसते. मांडवातले दिवे एकाच रंगाचे ठेवायला सांगितले तर फोटोंवर नंतर करावं लागणारं बरंच काम वाचतं.