टोइंग गाडी

बंद पडलेले, कलंडलेले किंवा रस्त्याखाली गेलेले वाहन उचलून वा ओढून नेण्यासाठी यारी (क्रेन) आणि रहाट (दोर गुंडाळून ओढणारे यंत्र, विंच) बसवलेली मोटारगाडी. ट्रकचालकांच्या बोलीत या कामाला ‘टोचन’ म्हणतात. हा शब्द ‘टो-चेन’चा अपभ्रंश असावा, ‘टोचणे’ या क्रियापदाशी त्याचे केवळ ध्वनिसाम्य दिसते.

ही गाडी घडवण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा येथील गॅरेजमालक अर्नेस्ट होम्स (थोरले) यांना देतात. १९१६ च्या सुमारास त्यांच्या एका परिचिताची फोर्ड मॉडेल टी ओढ्यात उलटली. ती बाहेर काढायला सहा-आठ माणसे, दोर, कप्प्या आणि जवळजवळ अख्खा दिवस लागला. माणसांचा आकडा कथनागणिक बदलतो. त्यानंतर होम्स यांनी १९१३ च्या एका कॅडिलॅकवर तीन खांब, कप्पी व साखळी बसवून उचलण्याची सोय केली, तिचे पेटंट घेतले आणि पुढे अशा यंत्रांचा कारखाना काढला.

मोटारीवर यारी बसवण्याची कल्पना एकट्या होम्स यांनाच सुचली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. इतर अमेरिकी कारखानेही थोड्याफार अंतराने गॅरेजसाठी अशा याऱ्या बनवू लागले होते. तरीही अग्रमान त्यांना देणेच योग्य, कारण खरी अडचण उचलण्याची नव्हती, तोल राखण्याची होती. मागे वजन लटकले की पुढच्या चाकांवरचा भार घटतो आणि सुकाणू हलके पडते. बाजूने ओढू लागले, तर ओढणारी गाडीच उलटू पाहते. यावर होम्स यांनी आधी बाजूला टेकणारे आधारपाय आणले. नंतरच्या जोडभुजा रचनेत दोन्ही अंगांना वळणाऱ्या दोन भुजा आणि प्रत्येकीला स्वतंत्र रहाट असे. एका भुजेचा तारदोर झाडाला बांधायचा आणि दुसरीने खड्ड्यातले वाहन ओढायचे. दोन्हीकडच्या ओढी एकमेकींना तोलतात, आणि मधली गाडी जागची हलत नाही. दुसऱ्या महायुद्धात डायमंड टी ९६९ या लष्करी गाडीवर होम्स यांच्या कारखान्याचीच डब्ल्यू-४५ ही जोडभुजा यारी होती.

पुढे हाताने फिरवायच्या रहाटांची जागा यांत्रिक शक्तीने आणि द्रवचलित दट्ट्यांनी घेतली. साखळी-पट्ट्याने वाहन उचलले की बंपर चेपतो, म्हणून चाकांखाली घालायचा उचलदांडा आला. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या मोटारींसाठी अख्खी मोटार पाठीवर घेणारी कलती सपाट गाडी सोयीची ठरली.

चॅटनूगा येथे १९९५ पासून या व्यवसायाचे संग्रहालय आहे. तेथील जुन्या याऱ्या पाहण्यासारख्या आहेतच, पण तेथे कामावर असताना मृत्यू पावलेल्या टोइंगवाल्यांची स्मृतिभिंतही आहे. बंद वाहनाला साखळी लावताना चालकाची पाठ बहुधा वाहत्या रस्त्याकडे असते. थांबलेल्या आपत्कालीन वाहनापासून दूर सरकण्याची सक्ती करणाऱ्या अमेरिकी कायद्यांत टोइंग गाड्यांचा समावेश अनेक राज्यांनी उशिराच केला.